वैनी उठलीच नाई

वैनीच्या पाठीतून पाणी काढलं तेव्हा मी अकरावीत होती. वर्ध्याले नालवाडीत खोली करून राहत होती, म्हणून दवाखान्यात बसायची पाळी माह्यावरच आली. आमचं घर समुद्रपूरकडे, वावर तिकडंच. दादाचं लग्न होऊन सहा महिने झालते. वैनीले चार दिवस ताप, मान अशी ताठ की हनुवटी छातीले लागेना! दादानं तिले एसटीनं आणून भरती केलं.

डॉक्टरीणबाईनं तिले कुशीवर मुटकुळं करून निजवलं, कमरेत सुई घातली आन काचेच्या शिशीत थेंब थेंब पाणी धरलं. मले वाटलं पिवळंगिवळं असन. छे! विहिरीच्या पाण्यासारखं लख्ख. "हे मेंदूभोवती असतं, मणक्यातही असतं," ती म्हणाली. मेंदू पाण्यात राह्यते हे मले माहीतच नव्हतं! मी दिवसभर आपलं डोकं हलवून पाह्यलं, आवाज येते काय म्हणून.

"पाणी साफ आहे, घाबरण्यासारखा ताप नाही. पण उद्यापर्यंत उशी नाही, उठायचं नाही. एकदम सपाट."

"हाव," आम्ही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आन डोकं दुखणं सुरू झालं. "फुटून राह्यलं वो बाई," वैनी म्हणे. दोनदा उलटी झाली. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "उठली होती का?"

"नाई," मी म्हणाली. दादाही म्हणाला, नाई. वैनीही म्हणाली, नाई. आन कोणीच खोटं बोलत नव्हतं!

तिसऱ्या दिवशीही तेच. माह्यानं एका जागी बसवेना. खाटेपासून व्हरांडा, व्हरांड्यापासून नळ, पुन्हा खाट. तेवढ्यात गावाहून आत्या डबा घेऊन आली.

"सुईनंच नासवलं पोरीले! पाठीचं पाणी काढल्यावर मानूस उभा राह्यते काय? दुपारच्या बसनं घरी न्या."

"डॉक्टरीणबाई थांबा म्हणते," दादा म्हणाला.

"तिले काय जाते थांबा म्हणाले? तिची सून हाय काय थे?"

दादा चादर घडी करू लागला. वैनीले डोळे उघडवत नाई, आन ही गचके खात समुद्रपूरले कशी जाईन?

तितक्यात दारात बाबा आले. आन डोळे न उघडवणारी वैनी टुणकन उठली! पदर डोक्यावर घेतला, खाली उतरली, पाया पडली. मग डोकं धरून तशीच खाटेवर कोसळली.

"सुखी राह्य, सुनबाई," बाबा म्हणाले.

मी पाहतच राह्यली. अशीच काल बाबाच्या मोठ्या भावाले पाहून उठलती. केळझरचे मामाजी प्रसाद घेऊन आले तेव्हाही. आन सुई टोचली त्या संध्याकाळी गावचं अर्धं मोटारभर मानूस आलतं, तेव्हा तं विचारूच नका! आमच्याकडे याले उठणं म्हणतच नाई कोणी.

मी धावत डॉक्टरीणबाईले गाठलं. "उठली! वैनी लय वेळा उठली!"

"मग नाही काऊन म्हणत होता?" तीही आमच्यासारखंच बोलून गेली.

"थे उठणं थोडीच हाय, थे पाया पडणं हाय ना!"

तिनं कपाळाले हात लावला. सुईचं भोक बुजायच्या आधी उठलं की पाणी आतल्या आत झिरपते, मेंदूचा आधार कमी होते, म्हणून बसलं की डोकं ठणकते आन निजलं की उतरते, असं तिनं सांगतलं. "बसमध्ये बसवाल तर हाल होतील तिचे. दोन दिवस खरंच निजू द्या."

आता बाबाले कोण सांगन? दादा चपलेकडे पाहत राह्यला. मीच बोलली, एका दमात. "बाबा, तुम्ही आत आले का वैनी उठते. तुम्ही येऊ नका."

"चार बुकं शिकली तं बापाले बाहेर काढते काय वो ही पोट्टी!" आत्या.

बाबा तसेच मागं फिरले. बाहेर गेले. मले वाटलं, गेली माही अकरावी! दारातून डोकावून पाह्यलं तं बाबा व्हरांड्यात, वॉर्डच्या दारातच, मांडी घालून बसलेले. गावचा जो येईन त्याले अडवत. "पाया पडून घ्याचं असन तं घरी येजो. इथूनच जाय." आत्यालेही त्यायनं बाजूले बसवून घेतलं. बसचं नाव निघालं नाई.

मधून मधून बाबा ओरडत, "सुनबाई निजली हाय ना?" वैनी सासऱ्याशी मोठ्यानं कशी बोलन? मग मीच आतून ओरडे, "हाव, निजली!" साऱ्या वॉर्डाले पाठ झालतं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईनं तिले हळूच बसवलं. मी श्वास धरून तिच्या तोंडाकडे पाहत होती. "दुखते?" मी विचारलं.

तिनं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. "नाई वो बाई!" आन पह्यला हात गेला पदराले. दाराकडे पाहून ती पाय खाली सोडू लागली.

बाबानं थे पाह्यलं. असे उठले, असे पळत सुटले, सिद्धे नळापलीकडे! चप्पल दारातच राह्यली. वैनी पदर दातात धरून हसत होती, आन डोकं दुखत नव्हतं.