दुकानातली मुलगी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, फोटोवाले. आयुष्यभर त्यांनी एकच काम जीव ओतून केलं, लोकांना गोरं करायचं. तसं कोणी सांगायचं नाही आणि हेही कोणाला विचारायचे नाहीत. फोटो काढला की कॉम्प्युटरवर घ्यायचा, पुटकुळ्या पुसायच्या, डोळ्यांखालचं काळं घालवायचं आणि शेवटी सगळा चेहरा चांगला उजळून द्यायचा. ह्याला ते 'साफ करणं' म्हणत. गिऱ्हाईक खूश, भाऊजी त्याहून खूश. दुकानाच्या दर्शनी काचेत लहान मुलांचे मोठाले फोटो लावलेले होते, सगळी एकजात पिठात लोळून आल्यासारखी.

ताई इस्पितळात आया. ठकी तिथेच जन्मली. तिची आई समुद्रापलीकडून इथल्या कारखान्यात कामाला आलेली, ती बाळंतपणात गेली. बापाचा पत्ता नाही, घ्यायला कोणी आलं नाही. पोरगी काळी कुळकुळीत, केस इतके घट्ट कुरळे की कंगवा आत गेला की बाहेर यायचं नाव नको. वंशच वेगळा, ते काही झाकून राहणार नव्हतं. अनाथ मुलांच्या संस्थेत जागा होईपर्यंत कोणी सांभाळाल का, असं संस्थेच्या लोकांनी विचारलं. ताईने पदराला हात पुसले आणि बाळ उचललं. तिला स्वतःला मूल नव्हतं.

घरी तिच्या सासूबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "उद्या हिला घेऊन बाजारात जाशील, लोक विचारतील ही कोणाची. काय सांगशील?"

"माझी म्हणून सांगेन."

"आणि हसले म्हणजे?"

"हसू देत. त्यांचे दात किडलेत का ते तरी कळेल."

त्या दिवशी मी तिथेच होते आणि मनातल्या मनात ताईला शाबासकी दिली. अहो, भुकेलं मूल आधी आपला वंश सांगतं आणि मग रडतं का? पण आमच्या नातेवाइकांना कोण समजावणार. कोणी म्हणालं, आपल्यातली मुलं काय कमी पडली होती का. कोणी म्हणालं, मोठी झाली की हिचं लग्न कोणाशी लावणार. पोरीला अजून मान धरता येत नव्हती आणि हे तिच्या लग्नाच्या काळजीने वाळत चालले होते.

हळूहळू सासूबाई मात्र विरघळल्या. ठकी त्यांचा चष्मा ओढायची आणि त्या लटक्या रागाने ओरडायच्या. ताई पडत-झडत तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालायला शिकली. आणि भाऊजी, त्यांचं तर विचारूच नका. संध्याकाळी ठकीला खांद्यावर घेऊन दुकान बंद करायला जायचे. ती त्यांना बाबा म्हणायची. उठसूट तिचे फोटो. आमच्याकडे तेव्हा साधे बटणांचे फोन, त्यामुळे जे काही फोटो निघाले ते सगळे भाऊजींच्याच कॅमेऱ्याने, आणि छापायचे राहून दुकानातल्या कॉम्प्युटरवरच पडून.

ठकी शाळेच्या वयाला आली तेव्हा ताईने तिला कायमची दत्तक मागितली. निर्णय दत्तक देणाऱ्या समितीकडे होता आणि समितीतर्फे एक अधिकारी बाई आल्या. शांत, नीटनेटक्या. चहा घेतला, घर पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मुलगी मोठी होईल. आरशात बघेल. तिच्यासारखं दिसणारं घरात कोणीच नसेल. बाहेर तिला कोणी टाकून बोललं, तर घरी तिचं दुखणं कळेल का कोणाला?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला झोंबलं. सासूबाई जे बोलल्या तेच ह्या जरा गोड आवाजात बोलत होत्या, असं मला वाटलं. ताई एवढंच म्हणाली, "मॅडम, मला नाही कळलं तर तिला विचारेन. ती सांगेल मला."

बाई थोड्या वरमल्या. म्हणाल्या, "समितीपुढे या. मुलीला आणा. घरातले दोन-चार फोटो आणा, मी तुमच्या बाजूने बोलेन." त्या खरंच बोलणार होत्या, ते मला अजूनही पटतं.

भाऊजींनी उत्तमातला उत्तम फोटो निवडला. तिघंजण, मध्ये पिवळ्या फ्रॉकमधली ठकी. मोठा करून जाड कागदावर छापला आणि पाकिटात घालून नेला. पाकीट उघडलं ते थेट समितीच्या टेबलावर.

मी ताईच्या शेजारी बसले होते. मान पुढे करून फोटो पाहिला. फोटोतली ठकी सायीच्या रंगाची होती.

अधिकारी बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खुर्चीत पाय हलवत बसलेल्या ठकीकडे. मग तिला जवळ बोलावून विचारलं, "बाळा, ह्यात कोण कोण आहे?"

"ही आई. हे बाबा."

"आणि ही?"

ठकीने वाकून नीट पाहिलं. "फ्रॉक माझा आहे," ती म्हणाली. "पण ही दुकानातली मुलगी आहे."

भाऊजी उठून उभे राहिले. "साहेब, मी सगळ्यांनाच करतो. हात आपोआप जातो. ही बघा, माझी बायको, हिलाही केलंय."

त्यांनी ताईलाही साफ केलं होतं, हे खरंच होतं. लग्नापासूनच्या एकाही फोटोत माझी बहीण तिच्या रंगाची नाही. मनात कपट असतं तर माणसाने लपवलं असतं, ह्यांनी कौतुकाने छापून आणलं. पण हे त्या टेबलापलीकडच्या माणसांना कसं पटवायचं? अधिकारी बाईंनी फोटो पालथा ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला ह्या दोघींतली कोणती मुलगी हवी आहे?" त्यापुढे त्या आमच्या बाजूने काही बोलल्या नाहीत.

ठकीला दुसऱ्या शहरातल्या जोडप्याकडे दिलं. तिच्याच वंशाचं जोडपं, शिकलेलं, सुस्वभावी. चार शिव्या हासडाव्यात असंही त्यांच्यात काही नव्हतं, ह्याचाच मला जास्त संताप. न्यायला आले तेव्हा जोडप्यातल्या बाईने ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ताईला म्हणाली, "वेण्या किती सुबक घातल्यात." ताईने मान हलवली. ठकी बाबांना म्हणाली, "दुकान बंद करताना मला बोलवा." भाऊजी हो म्हणाले.

मग ताई बोलेनाशी झाली. कामावर जायची, यायची. एका दुपारी मी तिला जबरदस्तीने बाहेर काढलं, तर ती सरळ दुकानात शिरली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला ठकीचा फोटो द्या. साफ न केलेला."

भाऊजींनी कॉम्प्युटर उघडला. एक फोटो, दुसरा, तिसरा. सगळ्या ठक्या गोऱ्या. मूळ फोटो कुठेच नव्हते. साफ केलेला फोटो जुन्यावरच सेव्ह करायचा आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुन्हा वापरायचं, ही त्यांची कायमची पद्धत. एवढ्या वर्षांत मूळ फोटो परत मागायला कोणी आलंच नव्हतं.

"थांब, मी आणतो रंग परत," ते म्हणाले. पिवळ्या फ्रॉकचा फोटो घेतला आणि चेहरा गडद करू लागले. चेहरा राखाडी झाला.

"अशी?"

"नाही."

आणखी गडद केला. "आता?"

"नाही हो. अशी नव्हती ती."

ते करत राहिले, ताई नाही म्हणत राहिली. शेवटी तिने त्यांचा हात धरून थांबवला आणि स्क्रीनवर, चेहऱ्याच्या खाली बोट ठेवलं.

"एवढंच छापून द्या," ती म्हणाली. "फ्रॉक तेवढा तिचा आहे."