अर्थिंगच्या खड्ड्यावर धुतलेले हात

शिवलिंगअप्पा गेले त्याला सहा आठवडे झाले. बातमी मला कुणी सांगितली नाही. मी तिथंच होतो, वीस पावलांवर, टँकरच्या चिठ्ठीवर सही करत.

लातूर नवा जिल्हा झाला आणि सरकारी इमारती उठू लागल्या. त्यातल्या एका कामावर मी सुपरवायझर, चाकूरचे अप्पा वायरमन. गळ्यात लिंग, खिशात टेस्टर, पायात रबरी चप्पल. दुपारी अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी चप्पल काढून भाकरी खात, हात त्या खड्ड्यावरच धूत आणि वर दोन तांबे पाणी ओतत. मीठ-कोळसा भरलेला हा खड्डा ओला असला तरच फुटलेला करंट जमिनीत उतरतो, नाहीतर लोखंडात बसून माणसाची वाट बघतो, असं प्रत्येक नव्या मजुराला सांगत. ‘‘अप्पा पिंडीला पाणी घालायलेत,’’ कामावरच्या बाया हसायच्या.

यंदाच्या दुष्काळात टँकर तिसऱ्या दिवशी येऊ लागला. स्लॅबला मारायला पाणी पुरेना. मी अप्पांचे दोन तांबे बंद केले, हातही घमेल्यात धुवायला सांगितले... ते पाणी स्लॅबवर जाईल.

‘‘साहेब, स्लॅब तडकला तर पुन्हा घालता येतो. मानूस कुठून आणायचा?’’

‘‘अप्पा, लोकांना प्यायला न्हाई अन् तुम्ही मातीला पाजायलात.’’

‘‘हाव,’’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून घमेल्यात हात धुऊ लागले.

आठ-दहा दिवसांनी, जेवणाच्या वेळी टँकर आला. हौदावरची मोटर लावली आणि त्या बायांतल्या तुळसाबाईचा हात लोखंडी पाइपला चिकटला. अप्पा हातातली भाकरी टाकून, अनवाणीच, ओल्या मातीतून धावले आणि मेन स्विचच्या लोखंडी पेटीला हात घातला. स्विच पडला. तुळसाबाई वाचली. खड्डा कोरडा होता. मोटरमधला करंट त्या पेटीतही येऊन थांबला होता.

चौकशीत मोटरबद्दल विचारलं. जुनी होती, मी सांगितलं. खड्ड्याबद्दल कुणी विचारलं नाही... मीही बोललो नाही. चाकूरला त्यांच्या पत्नीनं एकच विचारलं, ‘‘जेवण झालं होतं का त्यांचं?’’ मी हो म्हणालो. तेही खोटं. तिथं जाऊन खड्ड्याचं आणि भाकरीचं, दोन्ही सांगायचं अजून राहिलंय. तोवर इथं लिहितो आहे.

हल्ली मी डबा त्या खड्ड्याशेजारीच खातो आणि हात तिथंच धुतो. पाणी लगेच जिरतं. वर दोन तांबे ओततो, तेही जिरतात. बाया बघतात. पिंडीचं नाव आता कुणी काढत नाही.