आठवी खाच

खांब मी रंगवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाड्यातलं कुणीही तुम्हाला हे सांगेल आणि वर पदरच्या दोन गोष्टी घालून सांगेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मंडळाने ‘सुंदर वस्ती’ स्पर्धेत भाग घेतलेला. मी सजावट प्रमुख. प्रमुख म्हणजे बाकी कुणी हो म्हटलं नाही. ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला आमची बावीस खोल्यांची बैठी चाळ आहे. चाळीमागे मातीचा जुना बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला इथे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते दार ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करतं. कुणी हात लावायचा नाही, वीज नको, कर्मचारी नको. या उघाडीशेजारी माझ्याहून उंच असा एक दगडी खांब होता. शेवाळलेला, मधे मधे चिरा पडलेला. मी शेवाळ घासलं, चिरा पुट्टीने बुजवल्या, वर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि लाल अक्षरांत लिहिलं, ‘पाणी वाचवा’.

दुसरं बक्षीस मिळालं. निळी कचरापेटी. ती अजून मंडळाच्या कपाटावर आहे, कारण बक्षिसात कचरा टाकायला कुणाचा हात धजत नाही.

आमची मालकीण आवडाबाई तेव्हा वर्तकनगरला मुलाकडे, डोळ्याचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून बसलेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच मागे बांधावर गेली. चष्मा काढून खांबासमोर उभी राहिली. मी शाबासकीच्या तयारीने शेजारी जाऊन थांबलो.

“कोनी केला यो?”

मी, म्हटलं.

“माज्या सासऱ्यानी सा दिस छन्नी मारली याच्यावर. तू एका रैवारी बुजवलास.” आणि ती चहा ठेवायला निघून गेली. मी म्हसवडचा. आमच्या गावाला पाणी टँकरमधून येतं, आपल्या पायांनी चालत येत नाही. त्या चिरा नव्हत्या, मोजून पाडलेल्या खाचा होत्या, हे मला कोण सांगणार?

मग चहा पिताना तिनेच सांगितलं. सहा खाचा सासऱ्याच्या. तो मिठागरातला माणूस, खाडीशी रोजचं बोलणं असलेला. पहिल्या चार खाचांपर्यंत रोजची भरती, तिकडे बघायचंही नाही. पाचवीला पाणी लागलं की धान्य आणि अंथरुणं माळ्यावर टाकायची. सहावीला लागलं की माणसं बाहेर. चूल, कोंबडी, कागद, काही बघायचं नाही. सातवी खाच आवडाबाईच्या नवऱ्याने पाडली, दोन हजार पाचनंतर. त्या पावसात आवडाबाईची जाऊ बायजा गेली. पाणी सहावीला लागलं तेव्हा सगळे निघाले, ती चूल विझवायला मागे वळली. पाणी जिथवर चढलं, तिथे त्याने वहिनीच्या नावाची खाच मारली. त्यानंतर तो काही फार वर्षं जगला नाही.

पुट्टी खरवडून दे, एवढंच तिने मला सांगितलेलं. मी हो म्हटलं. मग खांबाचा फोटो मंडळाच्या पेजवर चढलेला होता, म्हणून जून गेला. मग मी नोकरी करतो त्या क्लासच्या ऑफिसात ॲडमिशनची गर्दी होती, म्हणून जुलै चालला. पावसाळा संपला की करतो, असं मी एकदा तिला तोंडावर सांगितलं. माझं मलाच नंतर लक्षात आलं, मी काय बोललो ते.

आवडाबाईचं वय सत्तरीच्या पुढे, नक्की तिलाही माहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हा इथे चाळ नव्हती, भाताची खाचरं होती, पलीकडे मिठाचे ढीग. तिच्या टाचांना अजून मिठाच्या भेगा आहेत. जमीन विकून भाऊबंदांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. हिने चाळ बांधली आणि स्वतः बांधाच्या सगळ्यात जवळच्या घरात राहिली. मुलगा आनंदा दर रविवारी न्यायला यायचा, जेवायचा, मटणाला चांगलं म्हणायचा आणि एकटा परत जायचा. भाडेकरूंशी ती भांडायची, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की त्या घराला शिव्या बंद व्हायच्या आणि भाकऱ्या सुरू व्हायच्या. गावात कुणी तिला भरतीची वेळ विचारत नाही, आता मोबाईल आहेत. ती मात्र बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा तिचा हिशेब.

गेल्या वर्षी गटारीच्या आधी चार दिवस पाऊस पडत होता. पडत होता म्हणजे थांबायचं विसरला होता. गटारी अमावस्येला पाड्याने परंपरा पाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे पुरुष उठलेच नाहीत. मी आपला जबाबदार माणूस. चाळीच्या ग्रुपवर टाकलं, घाबरू नये, फक्त यलो अलर्ट आहे, भरती दुपारी पावणेएकला, त्यानंतर पाणी उतरेल. खाली तिरंगा आणि हात जोडलेले दोन. एकोणीस जणांनी अंगठा दिला.

पावणेएक वाजून गेला. पाऊस जरा हलका झाला. उतरलं, असं म्हणून मीही आडवा झालो. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर आवडाबाई, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात कोयती.

मी तिला मोबाईल दाखवला. भरती होऊन गेली, म्हटलं.

“तुजा मोबाईल मुंबईचा पानी सांगतं. आपल्या खाडीन ता पानी दोन तासांनी पोचतं,” ती म्हणाली. “पयला दिस हाय. पाऊन वाजता मुंबईला, पावनेतीनला आपल्याला. चल.”

बांधावर गेलो आणि मला काहीच वाईट दिसलं नाही, हेच वाईट होतं. पाणी तपकिरी, जाड, वर फेस नाही, आवाज नाही. एक थर्माकोलचा खोका, एक चप्पल आणि कुणाच्या तरी देव्हाऱ्याची फळी संथपणे वरच्या दिशेला, उलटी चाललेली. बांधाचा माथा पाण्यापासून चांगला तीन फूट वर. मी तिला ते दाखवलं. केवढा बांध शिल्लक आहे.

“ह्यो बांध नाय,” ती म्हणाली. “बांध साव्या खाचेशी संपला. वर हाय तो बिल्डरचा कचरा.”

तेव्हा मला कळलं, खाचा कशाला लागतात. दोन वर्षं रात्रीबेरात्री ट्रक येऊन बांधावर फुटक्या विटा, टाइल्स, प्लास्टर ओतत होते. वर गवत उगवलेलं. बघणाऱ्याला बांध उंच झालेला दिसायचा, आणि खरा बांध कुठे संपतो हे फक्त तो खांब सांगत होता. त्याचं तोंड मी पुट्टीने बंद केलेलं.

मी पोटावर झोपलो आणि कोयतीने खरवडायला लागलो. रंगाच्या डब्यावर दहा वर्षांची गॅरंटी लिहिलेली. आयुष्यात एवढी खरी निघालेली जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. ‘वाचवा’मधला ‘चवा’ गेला तेव्हा सातवी खाच सापडली, कोरडी. आवडाबाईने वाकून तिथून खाली दोन विती मोजल्या आणि बोट टेकवलं. इथे. मी तिथे मारत सुटलो. पुट्टी ओल्या खडूसारखी निघत होती, नखात जात होती. पाणी माझ्या मनगटाला लागलं. खाली सरकलो नव्हतो मी.

पुट्टीचा एक तुकडा सुटला आणि आडवी, सरळ, बोटभर खोल खाच उघडी पडली. आवडाबाईने तिच्यात बोट घातलं. बाहेर काढलं. बोट ओलं होतं.

मोबाईलवर एक वाजून वीस मिनिटं झालेली. तिच्या भरतीला अजून जवळजवळ दीड तास होता.

“उटव सगल्यांना,” ती म्हणाली.

बावीस दारं. प्रत्येक दारात मला माझाच मेसेज दाखवला गेला. आवडाबाईचा पुतण्या कमलेश तिसऱ्या खोलीत, डोक्याला ओला टॉवेल बांधून. “संदेशभाऊ, सकाळी नको घाबरू बोलतो, आता पळ बोलतो. तू नक्की कुठच्या पार्टीचा?” मी म्हटलं, सकाळी मी गाढव होतो. गाढव हा शब्द लोकांना लगेच पटला. बायकांनी पोरं उचलली, पुरुषांनी बायकांच्या मागून चपला शोधल्या. सगळ्यांनी रस्त्यावरची शाळा गाठायची होती, आणि शाळेच्या आधी गल्लीचा सखल भाग लागतो. तिथे पाणी आधीच पोटऱ्यांपर्यंत आलेलं.

उरली अकरा नंबरची खोली. चाळीतली सगळ्यात खोल. तिथे महिपतकाका. खोपटच्या डेपोत तीस वर्षं एसट्यांची इंजिनं उघडून रिटायर झालेला माणूस, त्याचं खुब्याचं हाड मोडून महिना झालेला. पलंगाला खिळलेला. त्याची बायको रंगूकाकू उशाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

काका म्हणाला, भरतीनंतर पाणी उतरेल असं तूच लिहिलंस. आता चौघांच्या खांद्यावर मला बाहेर काढून लोकांना तमाशा दाखवायचा आहे का? मी इथेच बरा. तासाभरात उतरेल. रंगूकाकूने त्याची बाजू घेतली, म्हणजे ती रडायला लागली.

माझ्या शब्दाची किंमत सकाळीच संपलेली. कमलेश दारात प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभा. उंबऱ्यावरून पाण्याची एक चपटी जीभ आत आली आणि फरशीच्या सांध्यातून चौकोन चौकोन भरत गेली.

आवडाबाई आत आली, पलंगाच्या कडेला बसली. तिने काकाचा हात धरला नाही, समजूत काढली नाही.

“बायजा बोलली, तू चल, मी चूल इजवून आयलू,” ती म्हणाली. “मी चाललू. मांगं बगला नाय. तुज्यासाटी मी परत मांगं बगनार नाय, महिपत. तू चल.”

काकाने भिंतीवरच्या एसटीच्या जुन्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाला, खुर्ची इकडे घ्या, पण डावा पाय सांभाळा.

साडीने त्याला खुर्चीला बांधला. पुढे कमलेश आणि एक जण, मागे मी, बाजूने आवडाबाई पाय धरून. सखल भागात पाणी कमरेला आलं. खुर्ची हलकी व्हायला लागली, तरंगायला लागली. ती हलकी झाल्याने बरं वाटायला हवं होतं. तेव्हा मागून आवाज आला. मोठा नव्हता. पोत्याचं तोंड सुटून तांदूळ सांडावा तसा, सळसळ, एकसारखा. विटा, टाइल्स, प्लास्टर. कुणी मागे वळलं नाही. आवडाबाई तर नाहीच. पाणी मागून आलं आणि माझ्या पाठीला हात लावून ढकललं, तेव्हा कमलेशचा पाय रस्त्याच्या चढावर टेकलेला होता.

शाळेच्या व्हरांड्यात तिने मला वेळ विचारली. पावणेतीन, म्हटलं. “आता भरला,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. अकरा नंबरच्या खोलीत पाणी पंख्याच्या बटणापर्यंत गेलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या चिखलावरून कळलं. सगळ्या भिंतींवर रेघ होती. खांबावर नव्हती. ऑइलपेंट धुता येण्यासारखा होता, एका सरीत स्वच्छ. वर नुसतं ‘पाणी वा’ उरलेलं.

आनंदा आईला घेऊन गेला. या वेळी ती गेली. छातीत कफ झालेला, घरात वीतभर गाळ. जाताना तिने मला सासऱ्याची छन्नी दिली, मूठ झिजून बोटाएवढी झालेली.

“आटवी तू मार,” ती म्हणाली. “पानी जतवर आयला ततवर.”

मी सातही खाचा साफ करून ठेवल्या. दिवाळीत मी आणि कमलेशने गवंड्याची पाण्याची नळी आणली, चाळीच्या भिंतीवरच्या रेघेपासून खांबापर्यंत पातळी धरली आणि पेन्सिलने खूण केली. खूण करायला मला हात वर करावा लागला. छन्नी मारायची तर स्टूल आणावं लागेल. स्टूल आहे घरात. तरी खाच अजून मारली नाही.

महिपतकाका काठी घेऊन चालतो आता, बांधावर येऊन पेन्सिलीच्या खुणेकडे बघून परत जातो. ट्रक पुन्हा यायला लागलेत. बांध पुन्हा उंच दिसतो, गवतही येईल.

आवडाबाई वर्तकनगरला दुसऱ्या मजल्यावर राहते. तिथून खाडी दिसत नाही. दर पुनवेला आणि आवसेला तिचा फोन येतो. तब्येत विचारली तर सांगत नाही. एकच विचारते, मारलीस का. मी म्हणतो, मारतो.

काल आवस होती. फोन आला. मी म्हटलं, उद्या नक्की. सकाळपासून पाऊस आहे, आणि आज पहिला दिवस. पाऊण आणि दोन, पावणेतीन.