उपाशी वाफे

समिती बांधावर बसून हुरडा खात होती आणि साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बोर्ड उलटे लावलेत तुम्ही."

"नाही सर."

"लावलेत. बघा तरी तिकडे."

बघायची गरज नव्हती. जीपमधून उतरल्यापासून मी तेच बघत होते. 'कंट्रोल' असा पत्र्याचा बोर्ड असलेल्या वाफ्यांतली ज्वारी माझ्या डोक्यावर गेली होती. धाटं जाड, कणसं गच्च. शेजारच्या 'जिवाणू' वाफ्यांतली ज्वारी तिच्या खांद्याला लागत होती. व्हायला हवं होतं बरोबर याच्या उलट.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीजवळच्या एका माती प्रयोगशाळेत कामाला होते. हुद्दा प्रोजेक्ट असिस्टंट, म्हणजे प्रोजेक्ट आहे तोवर असिस्टंट. आमचं काम जिवाणू खताचं. हवेत नत्र भरपूर असतं, पण पिकाला ते हवेतून घेता येत नाही, म्हणून आपण युरिया टाकतो. मातीतले काही जिवाणू मात्र हवेतलं नत्र पकडून मुळापाशी आणून देतात. असे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळून पुड्या भरायच्या आणि पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायच्या. त्या काळात सगळं जग यावर संशोधन करत होतं आणि आमच्या साहेबांना जगाच्या पुढे जायचं होतं.

त्यासाठी अंथुर्ण्याच्या मारुतीतात्यांच्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी घेतली होती. रानाचे सारख्या मापाचे वाफे पाडले. काहींना जिवाणू, काहींना युरिया आणि काहींना काहीच नाही. हे 'काहीच नाही' म्हणजे कंट्रोल. औषधाचा गुण आला की नाही हे कळायला औषध न घेतलेला रोगी लागतो, तसंच हे. चांगली जमीन एकाच्याच वाट्याला जाऊ नये म्हणून कुठल्या वाफ्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. त्यामुळे कंट्रोलचे वाफे रानभर विखुरलेले होते आणि प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांवर मी खुंट्या ठोकून घेतल्या होत्या.

ठोकत होते तेव्हाच तात्यांनी विचारलं होतं, "ह्या वाफ्यांला काय टाकायचं?"

"काही नाही."

"शेनखत बी न्हाय?"

"काहीच नाही, तात्या. नुसतं पाणी."

तात्यांनी पुढची खुंटी माझ्या हातात दिली. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. कॅनॉलचं पाणी आलं तसं मेंढपाळी सुटली आणि घर शेतीला लागलं. बोलणं कमी, पण रानाचा बांध अन् बांध निगुतीनं राखलेला. बोलायचं काम गिरजाकाकू करायच्या, त्यांच्या घरच्या. त्या चहा घेऊन आल्या, खुंट्या बघितल्या, सगळं समजून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी एका पंगतीला बसवायचं, दोघांला वाढायचं अन् तिसऱ्याला नुसतं पानी प्यायला सांगायचं? असला पंक्तिप्रपंच आमच्यात न्हाय बा करत."

मी हसले. विज्ञानात करावा लागतो, म्हणाले. वर छान समजावूनही सांगितलं. दोघांनी माना हलवल्या. शेतकऱ्यानं मान हलवली म्हणजे त्याला पटलं, असं मी तोवर धरून चालत होते.

मग मातीचे नमुने घेऊन मी प्रयोगशाळेत गेले ती एकदम पेरणीलाच आले. रान कुळवून, लोण्यासारखं मऊ करून ठेवलेलं. किती हौशी माणूस, असं मी साहेबांना म्हटल्याचंही आठवतं.

आता समिती आली होती ती प्रोजेक्टला मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला. दिली तर माझी नोकरी राहणार होती. नाही दिली तर मी इंदापूरला घरी जाणार होते, जिथे आई बी.एड.चा फॉर्म आणून माझी वाट बघत बसली होती. मला शिकवायचं नव्हतं. मला मातीतच राहायचं होतं, पण हे घरात मोठ्यानं म्हणण्यासारखं वाक्य नव्हतं. काहीच न टाकलेलं पीक सगळ्यांत भारी, याचा सरळ अर्थ असा की आमचे जिवाणू टाकल्यानं पीक कमी येतं. असल्या संशोधनाला कोणी मुदतवाढ देत नाही.

"मला आधी का सांगितलं नाही?" साहेब कुजबुजले.

"सांगितलं होतं सर. रोपं गुडघ्याएवढी असताना. तुम्ही म्हणालात, सुरुवातीला असं दिसतं, पुढे फरक पडेल."

"मग?"

"पडला. वाढला."

त्यानंतर आमची जीप निवडणुकीच्या ड्युटीवर गेली आणि फरक आपला आपण वाढत राहिला.

साहेबांनी समितीकडे एकदा बघितलं. "ते हुरड्यात आहेत तोवर बोर्ड बदलून टाका."

"सर, प्लॉटचा नकाशा अध्यक्षांच्या फाईलमध्ये आहे."

साहेब विचारात पडले. संकटात त्यांचं डोकं झपाट्यानं चालायचं. "मग इथूनच दाखवू. आत न्यायचं नाही. भिगवणला मासे सांगून ठेवलेत, ते गार होतील म्हणायचं."

"सर, अजून सकाळ आहे."

"मासे लवकर गार होतात," साहेब म्हणाले आणि हसऱ्या चेहऱ्यानं समितीकडे गेले.

समितीचे अध्यक्ष मोठे मृदाशास्त्रज्ञ, मूळचे विदर्भातले, डोक्याला हॅट. बाकीचे दोघे ते जे म्हणतील त्याला हो म्हणणारे. आगटीतून निघालेलं गरम कणीस तात्या तळहातावर चोळत होते आणि अध्यक्ष लसणाच्या चटणीबरोबर दाणे तोंडात टाकत होते.

"तात्या, हुरडा फार गोड आहे हो. कुठला?"

"हितलाच की सायेब. त्यो बोर्ड दिसतुया न्हवं, त्या वाफ्यातला."

तो बोर्ड कंट्रोलचा होता. कापणी झाल्यावर प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळं मोजायचं असतं, तोच सगळ्या प्रयोगाचा पुरावा. तो पुरावा समिती चटणी लावून खात होती.

"तात्या, वजन करायच्या आधीच कणसं तोडली?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"मंग काय करू ताई? पाव्हनं आलं. त्यांला तुमचं औषधाचं घालू का युरियाचं? पाव्हन्याला आपलं बिनऔषधाचं घालावं."

अध्यक्षांनी हे ऐकलं आणि ते उठले. साहेबांनी माशांचा विषय काढला, पण अध्यक्ष वाफ्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. त्यांनी बोर्ड वाचला. फाईल उघडून नकाशा बघितला. परत बोर्ड वाचला.

"हे कंट्रोल आहे?"

"हो सर," साहेब म्हणाले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. "त्याच कारणासाठी आपल्याला इथे आणलं, सर. आमचं मुख्य निरीक्षण हेच आहे. स्थानिक जिवाणूंची सुप्त क्षमता. बाहेरून जिवाणू टाकले की मूळचे दबतात. काहीच टाकलं नाही की ते उसळून काम करतात."

हा सिद्धांत मी पहिल्यांदाच ऐकत होते. साहेबही पहिल्यांदाच ऐकत असावेत, कारण बोलून झाल्यावर ते स्वतःच थोडे चकित दिसले.

"हे काहीतरी वेगळंच आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. बाकीच्या दोघांनीही काढलं. "यावर स्वतंत्र काम व्हायला हवं. पुढचा टप्पा मागा तुम्ही."

मुदतवाढ हातात आली होती. आता मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि मी राहणारही होते. तेवढ्यात वाफ्याच्या कोपऱ्यावरच्या खुंटीकडे माझं लक्ष गेलं. तिच्या फाटलेल्या टोकात काळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. पलीकडच्या खुंटीलाही. हे वाफे राखायचं काम आमचं आणि त्यात काय झालं हे आम्हालाच माहीत नाही. वर त्याला नाव दिलंय सुप्त क्षमता! मला साहेबांचा असा राग आला की बी.एड.चा फॉर्म डोक्यातून साफ गेला.

"तात्या, इथं मेंढरं बसवली होती का?"

"व्हय की!" तात्यांचा चेहरा उजळला. कोणी विचारलं नाही म्हणून इतके दिवस बोलले नव्हते, एवढंच. "भादव्यात आमच्या दाजींची मेंढरं आलती. म्हनलं, ह्या वाफ्यांला न्हायतरी कोनी काय देत न्हाय."

मेंढरं बसवणं म्हणजे पेरणीआधी मोकळ्या रानात रात्री कळप कोंडायचा. भोवती वाघर, म्हणजे जाळी लावायची. लेंड्या आणि मूत जागच्या जागी मातीत जिरतं. इकडे हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या प्रोजेक्टच्या आराखड्यात मात्र मेंढी हा शब्द नव्हता.

"सगळ्या रानात बसवली?" अध्यक्षांनी विचारलं.

"छ्या! ताईंनी खुट्ट्या ठोकल्यात की. खुट्टी ते खुट्टी वाघर लावली. एक वाफा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. औषधाच्या वाफ्यात एक लेंडी पडू दिली न्हाय. इचारा हिला."

"एक मेंढरू गेलतं तिकडं," गिरजाकाकू म्हणाल्या. "त्याला बी वडून आनलं."

म्हणजे सगळ्या प्रयोगात बिनचूक पार पडलेलं काम हे एवढंच.

"तात्या," मी म्हटलं, "काही टाकायचं नाही असं ठरलं होतं ना?"

तात्यांना खरोखरच वाईट वाटलं. "टाकलं कुठं ताई? मेंढरं बसली नुसती."

अध्यक्ष हसायला लागले. हसता हसता हुरड्याचा दाणा घशात गेला. काकूंनी धावत जाऊन पाणी आणलं. डोळे पुसून अध्यक्षांनी टिपणातल्या ओळीवर काट मारली आणि साहेबांना म्हणाले, "चला, सुप्त क्षमता कुणाची ते कळलं." बाकीच्या दोघांनीही आपापल्या ओळींवर काट मारली.

भिगवणला मासे गरमच होते. साहेब जेवले नाहीत. परतताना जीपमध्ये म्हणाले, "तुम्हाला विचारायची काय गरज होती?"

"सर, ती क्षमता पुढच्या वर्षी मायक्रोस्कोपखाली मलाच शोधावी लागली असती."

बारामती येईपर्यंत मला बी.एड.चा फॉर्म पुन्हा नीट आठवला होता.

पण झालं भलतंच. अध्यक्षांनी लिहिलं की जिवाणूंबद्दल काही निष्कर्ष निघत नाही, मात्र मेंढ्या बसवण्यावर शास्त्रीय काम व्हावं. नव्या प्रोजेक्टचे प्रमुख अर्थात साहेब. थोड्याच दिवसांत ते मेंढ्यांचे जाणकार झाले. सेमिनारमध्ये लेंडीला 'सेंद्रिय स्रोत' म्हणायला लागले आणि आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीवर बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. मला त्यांनी ठेवून घेतलं, कारण अंथुर्ण्याचा रस्ता मलाच नीट माहीत होता. आईनं फॉर्म कपाटात टाकला. मी त्या दिवशी चक्क रडले.

रान पुन्हा तात्यांचंच. या वेळी काही वाफ्यांत मेंढ्या, काहींत युरिया आणि काही कंट्रोल. मी तात्यांना समोर बसवून बजावलं, कंट्रोलमध्ये मेंढरू फिरकायला नको. तात्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्यांच्या उपकाराची फेड म्हणून मळ्यातल्या गव्हासाठी मी आमच्या जिवाणूंच्या ताज्या पुड्याही त्यांना दिल्या.

हुरड्याच्या दिवसांत मी गेले. कंट्रोलचे वाफे हिरवेगार.

"तात्या!"

"शपथ हाय ताई. मेंढरू फिरकलं न्हाय."

ते खरंच बोलत होते. मी गिरजाकाकूंकडे बघितलं. त्या चुलीतली लाकडं सारखी करायला लागल्या.

"त्या पुड्या मळ्यात टाकल्या ना काकू?"

"थोड्या टाकल्या," काकू म्हणाल्या. "ऱ्हायलेल्या मातीत कालवल्या अन् त्या उपाशी वाफ्यांत म्याच फेकल्या. तुमीच म्हनला हुता न्हवं, त्यात जीव हाय म्हनून? त्या जिवांला काम अन् ह्यांला घास. त्यांनी शपथ घेतलीया, म्या न्हाय."

वाफे चांगले आले होते, म्हणजे आमच्या जिवाणूंनी शेवटी काम केलं असावं. मला तरी तसंच वाटलं आणि आनंदही झाला. पण ते सिद्ध करायला शेजारी उपाशी वाफे लागले असते, आणि त्या घरात ते मिळणार नव्हते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कंट्रोल प्लॉट फक्त सरकारी जमिनीवर घेतले. तिथे पिकाला उपाशी ठेवा, असं कुणाला सांगावंसुद्धा लागत नाही.