आत्याने ठेवलं वर्नर

बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मंदाकिनी आपला मान सोडणाऱ्यातली नव्हे. परदेशात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तिने भल्याभल्या डॉक्टरांना वठणीवर आणलं होतं. धाकट्या भावाने, शैलेंद्रने, केकवर ‘अर्णव’ लिहून घेतलं होतं खरं; पण बाईंच्या मनात भलतंच शिजत होतं.

त्याचं कारण कोपऱ्यात बसलं होतं, शिरा खात. वर्नर. स्टील प्लांटमधून रिटायर झालेला तिचा पहिला घरमालक. बायको गेलेली, मूलबाळ नाही. "माझ्याबरोबर माझं नावही संपणार," असं तो परवाच चहा पिताना हसत हसत म्हणाला होता. तो हसला, पण मंदाकिनीच्या जिवाला ते लागलं.

ती पाळण्यावर वाकली. बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली.

"कुर्रर्र... वर्नर!"

धपाटे जागच्या जागी थांबले.

"ताई, आर यू सीरियस?" भावजय ऊर्मी किंचाळली. "जर्मन नाव? शाळेत पोरं छळतील त्याला!"

मंदाकिनी तयारीनिशी आली होती. "वर्नर हायझेनबर्ग, नोबेल मिळवलेला. वर्नर फॉन सीमेन्स, केवढी कंपनी काढली त्याने! आणि तो सिनेमावाला वर्नर हेर्झोग..."

"गूगल मलाही येतं, ताई," शैलेंद्र म्हणाला. "यांच्यातल्या एकाचा तरी आपल्याशी संबंध आहे का?"

मंदाकिनीचा आवाज एकदम खाली आला. "नाही रे. याच्यावरून नाव ठेवतेय म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून ही मोठी माणसं आणली." तिने कोपऱ्याकडे हात केला. "मी नाशिकहून कापडी बुटांत आले होते. पहिल्या बर्फात याने बायकोचे बूट माझ्या बेसमेंटच्या पायरीवर आणून ठेवले, मला मोठे होतील म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. माझी सकाळची ड्यूटी असली की हा आधी उठून फावड्याने वाटेवरचा बर्फ उपसायचा. तेव्हा माझं इथे कोण होतं रे?"

ऊर्मीने डोळे पुसले.

"हे आधी सांगायचंत ना, ताई," ती म्हणाली, आणि बाळाला उचलून थेट कोपऱ्यात गेली. "अर्णव वर्नर, से हॅलो टु वर्नर."

म्हातारा उठून उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि एखाद्या मोठ्या माणसाला भेटावं तसा बाळाचा इवलासा हात हातात घेतला.