चंदनाच्या हातचं

गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४. सकाळपासून भुरभुर पाऊस. दुपारी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. दूधवाला उशिरा आला, सायकलची चेन तुटली म्हणाला. चंदनाच्या पायरीवरचा पैलवान दोनदा ओकला. संध्याकाळी तिने वाटी ठेवली तेव्हा तो उठला नाही.

त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद एवढीच. पैलवान म्हणजे आमच्या गल्लीतला कुत्रा. छातीने रुंद, चालीने सुस्त, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि राजारामपुरीच्या त्या भागात सगळ्यांच्या तोंडी ते बसलं. तो कुणाचाच नव्हता, पण झोपायचा चंदनाच्या पायरीवर. त्याच्या जोडीला भुरी नावाची एक कुत्री होती, आणि गटाराच्या कडेने येणारी दोन-तीन बिननावाची.

चंदना माझी शेजारीण. तिची आणि माझी भिंत एक आहे. माहेर कुरुंदवाडचं, जैन शेतकऱ्याच्या घरचं. लग्न होऊन इथे आली, नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानामुळे घरी येणाऱ्या पन्नास माणसांची ऊठबस तिने केली, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे यजमान, अण्णासो, गेले. मुलगा ऋषभ पुण्याला असतो. दिवस मावळल्यावर ती काही खात नाही, घरात शिळं ठेवत नाही. पण एका माणसाचा स्वयंपाक तिला आजतागायत जमलेला नाही. दोघांचा करते, आणि अण्णासोंचा वाटा सूर्य बुडायच्या आत पायरीवरच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाटीत जातो.

मला ती अक्का म्हणते. माहेरच्या बाजूला कानडी बोललं जातं, तिकडची सवय.

कुत्र्यांना काय घालावं यावर तिचा गल्लीशी कायमचा वाद होता. आमच्या घरांतून रविवारी रश्श्यातली हाडं, कांदा-लसूण चटणीचा उरलेला भात असंच कुत्र्यांपुढे टाकलं जायचं. मागे रेबीजच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं आली होती, तेव्हा त्यांनीच सांगितलं की कुत्र्याला कांदा-लसूण बाधतो, शिजलेलं हाड आतड्यात रुततं. त्या दिवसापासून चंदनाची मान ताठ झाली.

"बघा, अक्का," ती गच्चीवरून म्हणायची. "तुमचं खाऊन त्यांची आतडी जळत्यात. माझ्या घरचं कुत्र्यालाबी सोसतंय. कांदा न्हाय, लसूण न्हाय, जीव मारलेला न्हाय."

 

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं. चंदना त्या दिवसांत एकवेळ जेवते, हिरवी भाजी वर्ज्य करते, सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जाऊन येते. तिचा भाऊ बेदाण्याचा व्यापार करतो. दर वर्षी पर्वाआधी तो एक डबा पाठवायचा. या वर्षी भाव पडले म्हणून पेटीच पाठवली. सोनेरी, टपोरे, हाताला चिकटणारे बेदाणे. तिने मला एक वाडगाभर दिले. कुत्र्यांची लापशीही या दहा दिवसांत नेहमीची नव्हती. दूध, गूळ, तूप आणि वर बेदाणे. मी एकदा कठड्यावरून पाहिलं, तर लापशी दिसत नव्हती, बेदाणेच दिसत होते.

"पर्वात त्यांनीबी चांगलंचुंगलं खावं की," ती म्हणाली.

पैलवान शुक्रवारी दिवसभर पाणी पीत राहिला. चंदनाने वाटी तीनदा भरली. शनिवारी तो पाण्याकडेही बघेना. त्याच्या तोंडाला उग्र वास येऊ लागला, मुतारीच्या कोपऱ्याला येतो तसा. चंदना त्याच्याजवळ पदर खोचून बसली आणि लापशीचा घास बोटाने त्याच्या दातांमागे सारत राहिली. "खा रे माझ्या राजा. पोटात काय न्हाय म्हणून अशक्त झालास." रविवारी पहाटे तो गेला.

विष घातलं, असं सगळ्यांच्या आधी कोण म्हणालं ते मला ठाऊक नाही. पण दुपारपर्यंत सगळे तेच म्हणत होते, आणि सगळे आकारामच्या दाराकडे बघत होते.

आकाराम म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त एसटी कंडक्टर. मे महिन्यात त्यांच्या नातीच्या मागे कुत्री लागली, ती सायकलवरून पडली, हात मोडला. तेव्हा भर चौकात ते म्हणाले होते, "एक दिवस सगळ्यांचा बंदोबस्त करतो." ते वाक्य गल्लीने जपून ठेवलं होतं.

चंदना फाटकाशी उभी राहिली. कधी आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी पार कोपऱ्यावरच्या मंडळाच्या गणपतीच्या मंडपापर्यंत ऐकू गेली. "ज्यानं त्या मुक्या जिवाला हे खायला घातलं, त्याच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेऊ नका."

आकाराम दारात आले. अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र. "वहिनी, मी दगूड मारतो. समोरून मारतो. खाण्यातून न्हाय."

"मग काय आपोआप मेलं व्हय?" मंडळाचा राजवर्धन मंडपातून ओरडला.

त्या संध्याकाळी आकाराम आरतीला गेले तेव्हा त्यांच्यापुढे तबक कुणी धरलं नाही. सोमवारी त्यांच्या स्कूटरची सीट फाडलेली होती. "विसर्जन होऊ दे, मग बघतो त्यांच्याकडं," असं पोरं मोठ्याने बोलत होती. आकारामच्या सुनेने नातीला माहेरी पाठवून दिलं.

आणि सोमवारी दुपारी भुरी ओकली.

या वेळी चंदना थांबली नाही. रिक्षा बोलावली, भुरीला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि मला म्हणाली, "अक्का, तुम्ही चला. विषाचं लिहून घेऊ डॉक्टरकडनं. म्हंजे पोलिसात देता येईल."

दवाखान्यात डॉ. प्रीती कांबळे होत्या, तिशीच्या आतबाहेरची मुलगी. तिने भुरीच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, सुई टोचून रक्त घेतलं. मग विचारलं, "काय खाल्लं होतं हिनं?"

"माझ्याच घरचं," चंदना म्हणाली. "दूध, लापशी, गूळ, तूप, बेदाणे. कांदा न्हाय की लसूण न्हाय. काल पहाटे एक असाच गेला. बाहेरचं कुणी काय घातलं ते मला म्हाईत न्हाय."

"बेदाणे किती?"

चंदनाने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "सणाचं हाय की."

डॉक्टरने ती ओंजळ बघितली. मग भुरीच्या पाठीवरून हात फिरवत, चंदनाकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "काकू, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घालायचे नसतात. मूत्रपिंड बंद पडतं."

"द्राक्षं? तान्ह्या लेकरांना देतो आम्ही."

"लेकरांना चालतात."

"चार वर्षं घालते मी. एकालाबी काय झालं न्हाय."

"थोडे घातले असतील. आणि सगळ्यांना होतंच असं नाही. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, एखाद्याला थोडक्यात होतं. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून घालायचेच नाहीत." मग तिने विचारलं, "पहिल्याचं कसं झालं होतं? आधी खूप पाणी प्याला, मग लघवी बंद, तोंडाला वास?"

 चंदना आपल्या हातांकडे बघत होती. ओंजळ अजून तशीच होती.

भुरीला सलाइन लावून तिथेच ठेवून घेतलं. परतताना रिक्षात चंदना एकच वाक्य बोलली. "शेवटचा घास मी बोटानं सारला, अक्का."

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. गल्लीत ढोल वाजत होते. चंदनाचा दरवाजा उघडला नाही. तिचा त्या दिवशी पूर्ण उपवास असतो, म्हणून मीही गेले नाही. संध्याकाळी बाकीची कुत्री तिच्या पायरीसमोर येऊन बसली. दिवस मावळला तरी हलली नाहीत.

बुधवार, १८ तारीख, त्यांची क्षमावणी. पर्व संपल्यावर त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांकडे, सगळ्या जिवांकडे क्षमा मागतात. सकाळीच दवाखान्यातून फोन आला की भुरी गेली. चंदनाने फोन ठेवला, पांढरी साडी नेसली आणि समोरच्या घरी गेली. मी मागोमाग गेले.

"आकाराम भाऊ, उत्तम क्षमा."

आकाराम दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सणाची का खरी?"

"खरी." आणि तिने सगळं सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून, काही न गाळता.

 आकारामनी गालावरचा साबण टॉवेलने पुसला. "मला सांगून काय उपेग, वहिनी? पोरांना सांगा."

मंडळाची पोरं मंडप उतरवत होती. आदल्या दिवशीच्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचं पातेलं अजून तिथेच होतं. चंदना बांबूंच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहिली.

"त्याच्या हातचं पाणी घेऊ नका म्हणलं न्हवं मी? तो हात माझा हाय. माझ्या बेदाण्यानं मेली ती दोघं. आकाराम भाऊंनी काय केलेलं न्हाय."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. राजवर्धन हसला, खवचटपणे नाही, समजुतीने. "काकू, तुमचं मन लई मोठं. पण बेदाण्यानं कुठं कुत्रं मरतंय? त्यांनी दमदाटी केली काय तुम्हाला?"

"न्हाय रे. डॉक्टर म्हणाल्या."

"डॉक्टर काय बी म्हणत्यात. तुम्ही घरात जावा. आम्ही बघतो काय करायचं ते."

तिने पुन्हा सांगितलं. ती सांगत असतानाच त्याने उलथण्याने पातेलं खरवडलं आणि उरलेला शिरा रस्त्याच्या कडेला टाकला. कुत्री धावली. पिवळ्या शिऱ्यात फुगलेले बेदाणे दिसत होते.

चंदना खाली बसली. पांढऱ्या साडीनिशी, ओल्या रस्त्यावर. कुत्र्यांच्या तोंडांमधून ती एकेक दाणा वेचू लागली. कुत्र्यांना वाटलं ती भरवते आहे. कुत्री तिची बोटं चाटत होती, शेपट्या हलवत होती, आणि तिच्या हाती लागत होते त्याहून जास्त दाणे गिळत होती.

"डोक्यावर परिणाम झालाय," मागून कुणीतरी म्हणालं. ते ऐकून आकारामनी आपलं दार आतून लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

ऊन कलल्यावर चंदना माझ्याकडे आली. काखेत बेदाण्याची पेटी.

"फेकू कुठं, अक्का? टाकीन तिथं कोण ना कोण खाणार. तुमच्याकडं असू दे. तुमच्या दारात कुत्रं येत न्हाय."

तिच्या खांद्यावरून मला तिची पायरी दिसत होती. उरलेली तिन्ही कुत्री येऊन बसली होती. तपकिरी कुत्री पायरीवरच्या वाटीतलं पाणी पीत होती. वाटी संपली तेव्हा तिने वर बघितलं.

मी पेटी घेतली. रात्री वहीत लिहिलं: बेदाण्याची पेटी माळ्यावर ठेवली. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची परात.