काथ्या आणि काळी मॉरिस

गिरगावातल्या यशोदाबाईंनी उभ्या जन्मात घरच्या गाडीला हात लावला नव्हता. लावू कोण देणार? काळी मॉरिस म्हणजे मनमोहनरावांचा जीव की प्राण! दर रविवारी ते स्वतः ती धूत, पुसत, आणि बायको नुसती जवळून गेली तरी ओरडत, "जपून! बांगडी घासेल."

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. पाय वाचले होते. "उठून चाला, नाहीतर तेही जातील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मनमोहनराव भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. समजावून झालं, रडून झालं, देव पाण्यात ठेवून झाले. हट्टीपणाला काही सीमा!

यशोदाबाई तरी कुठे कमी होत्या? गल्लीतून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जात, "झालाच पाहिजे" अशी आरोळी घुमे. ती ऐकून ऐकून त्यांच्याही मनाने घेतलं: दसऱ्याला गाडीची पूजा झालीच पाहिजे, आणि कुंकू यांनीच खाली येऊन लावलं पाहिजे.

दसरा जवळ आला तशा त्या एका सकाळी अंगणात उतरल्या. गाडीवरचं कापड ओढून काढलं. काळा रंग धुळीने पार करडा झाला होता. आता सणाला चकाकी आणायची म्हणजे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चुलीतली राख घेतली, चिंच घेतली, नारळाचा काथ्या घेतला, पदर खोचला आणि बॉनेट घासायला सुरुवात केली. खर्र, खर्र.

वर गॅलरीत काहीतरी धाडकन आपटलं.

"यशोदे! अगं, गाडी आहे ती, तपेलं नव्हे!"

डाव्या हाताने कठडा धरून मनमोहनराव उभे होते. केस विस्कटलेले, चेहरा संतापाने लाल. यशोदाबाईंच्या हातातून काथ्या गळाला. बॉनेटवर चांगले ओरखडे उठले होते, आणि ही बाई वर बघून आनंदाने रडत होती.

तोंडाचा पट्टा चालू ठेवत ते एकेक पायरी उतरले.

"आधी पाणी ओतायचं. धूळ वाहून गेली पाहिजे. मग मलमलीचं फडकं. पॉलिश सावलीत लावायचं, हलक्या हाताने, थोडं थोडं. कळलं?"

"नाही कळलं. तुम्हीच दाखवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हातात फडकं घेतलं. सवय नसलेला हात वेडावाकडा, पण फिरला. ऊन अंगणात येईपर्यंत एक दार लखलखीत झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड भिंतीकडे. "आज जमायचं नाही. उगाच मागे लागू नकोस."

यशोदाबाईंनी वाद घातला नाही. स्वयंपाकघरात गेल्या, काथ्या उचलला, त्यांना दिसेल असा हातात धरला आणि जिन्याकडे निघाल्या.

"थांब!" मागून आवाज आला. "येतो."